गोल्फ सोडू नका, कमरेतून वळणं सोडा

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ५६, उजव्या हाताने खेळणारे, पुण्यात बँकेत बैठी नोकरी, हँडिकॅप १८ (म्हणजे मध्यम दर्जाचे हौशी खेळाडू), शनिवार-रविवार सकाळी सहाची टी, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ. वर्षभरापासून बॅक नाइन (१८ पैकी शेवटची नऊ होल) सुरू झाली की कमरेच्या उजव्या बाजूला कळ येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालायला वाकता येत नाही. एमआरआयमध्ये एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगल्याचं आलंय. शस्त्रक्रियेची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले. घरचे म्हणतात, खेळ बंद करा. आणि तुम्ही विचारताय, स्विंग बदलून भागेल का?

तुमच्यासारख्या बहुतेकांचं भागतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः खेळतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या गोल्फरांमध्ये तुमच्या वयाचे, तुमच्यासारखी नोकरी करणारे आणि नेमकं हेच दुखणं घेऊन येणारेच जास्त असतात. पण स्विंगकडे वळण्याआधी एक गोष्ट. पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पाऊल उचलताना अडखळत असेल, दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, सोबत ताप असेल किंवा वजन कमी होत असेल, तर हे उत्तर इथेच ठेवून डॉक्टरांकडे जा. घोड्यावर बसताना खोगिराला टेकतो तो भाग (जांघा आणि गुदद्वाराभोवतालचा) बधिर वाटला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी, थेट इस्पितळात.

एमआरआयच्या कागदाने धास्तावू नका. कंबर कधीच न दुखलेल्या पन्नाशीतल्या माणसांचे एमआरआय काढले तरी सुमारे ६० टक्के लोकांत फुगलेली चकती सापडते. कागदापेक्षा मला जास्त उपयोगी पडतं ते हे, की नेमकं काय केल्यावर दुखतं. पुढे वाकलं, बराच वेळ बसलं की दुखत असेल तर संशय चकतीवर. मागे झुकल्यावर, उभं राहून राहून किंवा फिनिशला (फटका संपवून उभं राहताना) कळ येत असेल तर संशय मणक्यांच्या मागच्या बाजूला असलेल्या छोट्या सांध्यांवर. तुमच्या वर्णनात दोन्ही आहेत: बॅक नाइनवरची उजवी कळ सांध्यांची वाटते, दुसऱ्या दिवशीच्या मोज्यांची चकतीची. म्हणजे बदल दोन्ही टोकांना करावा लागेल, उभं राहण्यातही आणि फिनिशमध्येही.

आता कंबर का धरते ते पाहू. कमरेचे पाच मणके पुढेमागे वाकायला बनलेत, गोल वळायला नाहीत. त्यांचे मागचे सांधे जवळजवळ उभ्या भिंतींसारखे एकमेकांना अडवतात, त्यामुळे पाचही मिळून एका बाजूला दहा-पंधरा अंशांच्या फारसे पुढे जात नाहीत. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, खांदे मात्र नव्वद अंशांच्या आसपास वळवायचे असतात. उरलेलं वळण यायला हवं खालून खुब्यांकडून आणि वरून बरगड्यांच्या पातळीवरच्या मणक्यांकडून. दिवसाचे नऊ तास खुर्चीत गेले की हीच दोन ठिकाणं आखडतात. ती वळली नाहीत म्हणून स्विंग थांबत नाही, शरीर कुठून तरी वळण काढतंच, आणि ते मधल्या बिचाऱ्या पाच मणक्यांकडून ओरबाडून घेतं. त्यात वेग मिसळा: डाउनस्विंग (क्लब खाली चेंडूकडे येणं) पाव सेकंदाच्या आसपास संपतो. १९९०च्या सुमारास झालेल्या मोजमापांत, स्विंगच्या दरम्यान कमरेच्या खालच्या भागावर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येतो असं दिसलं होतं. पळताना तो वजनाच्या साधारण तिप्पट असतो. पंच्याहत्तर किलोच्या माणसाचा हिशोब तुम्हीच करा.

उजवीच बाजू का? कारण चेंडूला भिडताना उजव्या हाताच्या खेळाडूचं धड एकाच वेळी उजवीकडे कलतं, डावीकडे झपाट्याने वळतं आणि लगेच मागे ताणलं जातं. उजव्या बाजूचे ते छोटे सांधे या तिन्हीच्या कात्रीत चेंगरतात. कल जितका जास्त आणि वळण जितकं वेगवान, तितका चेंगरा जास्त.

इथे मला सध्याच्या शिकवण्याबद्दल थोडं भांडायचंय. १९९२मध्ये अमेरिकन प्रशिक्षक जिम मॅक्लीन यांनी ‘एक्स फॅक्टर’ ही कल्पना लोकप्रिय केली. बॅकस्विंगच्या टोकाला खांदे किती वळले आणि कंबरपट्टा (खुब्यांच्या पातळीवरचा हाडांचा भाग) किती वळला यातला फरक जितका मोठा, तितका चेंडू लांब. कल्पना चुकीची नाही. पण त्यातून रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, उरलं ते एकच वाक्य: खालचा भाग घट्ट धरा, खांदे जोरात वळवा. बावीस वर्षांच्या, दिवसभर व्यायाम करणाऱ्या मुलाला ते परवडतं. छप्पन्नाव्या वर्षी, सोमवार ते शुक्रवार खुर्चीत बसणाऱ्याला नाही. टायगर वूड्सच्या पाठीवरची पहिली शस्त्रक्रिया २०१४ची, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. २०१७मध्ये एल५-एस१ (कमरेचा शेवटचा आणि त्याच्या खालचा) हे मणके कायमचे जोडावे लागले. त्यानंतर २०१९चं मास्टर्स, ही गोल्फमधली मोठी स्पर्धा, त्याने जिंकलं हे खरं, पण पुढच्याही शस्त्रक्रिया चुकल्या नाहीत. त्याच्या पाठीचा सगळा दोष स्विंगवर टाकता येणार नाही. तरी जगातले उत्तम प्रशिक्षक आणि डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाची ही गत, मग आपण ‘घट्ट धरा’ हा सल्ला कशाच्या भरवशावर पाळायचा?

त्याउलट जुन्या पिढीतला दिग्गज खेळाडू जॅक निकलस याचा बॅकस्विंग बघा. डावी टाच जमिनीवरून सरळ उचलली जाते, डावा गुडघा आत येतो, कंबरपट्टा खांद्यांच्या बरोबरीने वळत जातो. त्याच्याही आधीच्या पिढीतला दिग्गज बॉबी जोन्स तसाच खेळायचा. निकलसने १९८६चं मास्टर्स जिंकलं तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. तुम्ही याच कुळातला बॅकस्विंग उचला. फिनिश मात्र निकलसचा घेऊ नका. त्या काळात फिनिशला कमर पुढे ढकलून, छाती मागे टाकून धनुष्यासारखं ताणलेलं उभं राहायची पद्धत होती, आणि तुमच्या उजव्या बाजूला नेमकं तेच नको आहे. फिनिश निकलसच्याच काळातला दिग्गज गॅरी प्लेअर याचा घ्या. तो चेंडू मारून झाल्यावर उजवा पाय उचलून चक्क पुढे चालू लागायचा. गंमत म्हणून बघू नका. वजन पूर्ण डाव्या पायावर गेल्याशिवाय आणि धड सरळ झाल्याशिवाय ते पाऊल टाकताच येत नाही.

बदल करण्याआधी घरी दोन गोष्टी तपासून घ्या. खुर्चीवर ताठ बसा, गुडघे जुळवून ठेवा आणि एकेक पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला फिरतं ते हे. डावं पाऊल उजव्यापेक्षा कमी जातं का? लोक मला सांगतात, ‘मी रोज मांडी घालून जेवतो, माझे खुबे मोकळे आहेत.’ पण मांडी घालताना खुबा बाहेरच्या बाजूला फिरतो. गोल्फला हवं आहे उलट वळण, आणि मांडी घालून बसण्यात ते कधीच वापरलं जात नाही. चेंडू मारल्यावर कंबरपट्टा डाव्या पायावरून फिरतो तेव्हा हेच वळण लागतं. ते नसेल तर धक्का थेट कमरेत. दुसरी तपासणी: त्याच खुर्चीत गुडघ्यांमध्ये उशी धरा, एखादी काठी छातीवर आडवी धरून हात त्यावर दुमडा आणि दोन्हीकडे वळा. उशी हलू न देता काठी पंचेचाळीस अंशांपर्यंत गेली तर छान. त्याच्या बरीच अलीकडे थांबली, तर तुमच्या बरगड्या अडल्यात.

आता स्विंग. उभं राहताना वाका ते खुब्यांतून. क्लब पाठीवर उभा धरा, डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्हींना तो टेकलेला ठेवून वाका, म्हणजे नेमकं कुठून वाकायचं ते कळेल. पाठीचा कमान केलेला पोक नको, आणि उलट नितंब मागे ताणून कंबर आत खेचलेली खोबणही नको. ही दुसरी चूक ‘पाठ सरळ ठेवा’ या सल्ल्याने होते आणि मागच्या सांध्यांवर चेंडू मारायच्या आधीच भार टाकते. दोन्ही पावलांची बोटं बाहेर उघडा, डावं जरा जास्त, पंचवीस-तीस अंश. खुब्यात जे वळण कमी आहे ते तुम्ही पावलांतून आधीच काढून ठेवता. हा एवढा एक बदल अनेकांना पहिल्याच दिवशी जाणवतो, आणि त्यासाठी काहीही शिकावं लागत नाही.

बॅकस्विंगला डावी टाच उचलू द्या, उजवा गुडघा थोडा सरळ होऊ द्या, पट्ट्याचं बकल उजवीकडे वळू द्या. उजवा गुडघा वाकलेला गोठवून ठेवायचा हट्ट सोडा. हात तीन-चतुर्थांश उंचीला थांबले तरी चालेल. तुमच्या हँडिकॅपला शेवटचा पाव भाग बहुधा वळणातून येतच नाही; तो कोपर मोडून आणि कंबर मागे टाकून येतो. थोडं अंतर कमी होईल, चेंडू मधोमध लागण्याचं प्रमाण वाढेल. एक गोष्ट मात्र मोबाइलवर चित्रण करून नक्की बघा: बॅकस्विंगच्या टोकाला तुमचं धड लक्ष्याच्या दिशेने डावीकडे झुकलंय का? झुकलं असेल तर बाकी सगळं सोडून आधी हेच दुरुस्त करा. त्या जागेवरून खाली येताना धड उलट्या बाजूला फेकलं जातं आणि सगळा मार कमरेवर बसतो. कंबर धरलेल्या हौशी खेळाडूंमध्ये मला ही एकच खोड सर्वांत जास्त दिसते.

खाली येताना कंबरपट्टा लक्ष्याकडे सरकवत नेऊ नका, वळवा. तो फार सरकला की डोकं मागे राहतं, उजवी कूस दुमडते आणि तुमची ती कळ हजर. आणि मारल्यावर डोकं खाली रोखून ठेवू नका. आपल्याकडे कॅडीपासून मेहुण्यापर्यंत प्रत्येक जण ओरडतो, ‘हेड डाउन!’ चुकलेल्या प्रत्येक फटक्याचं निदान तेच. चेंडू लागेपर्यंत नजर त्यावर असावी, एवढंच खरं आहे. त्यानंतर डोकं छातीबरोबर फिरू द्या. आनिका सोरेनस्टाम आणि डेव्हिड ड्युवल हे व्यावसायिक खेळाडू दोघंही चेंडू लागायच्या सुमारालाच मान लक्ष्याकडे वळवायचे, आणि दोघंही जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचले. डोकं मागे अडकवून धड पुढे गेलं की मान आणि पाठ यांची पिळवटणूक होते.

फिनिशला उजवी टाच पूर्ण वर, बकल लक्ष्याकडे, उजवा खांदा डाव्या पावलाच्या वर आणि शरीर सरळ. तिथे तीन सेकंद उभं राहता आलं पाहिजे. तोल जात असेल तर तुमच्या ताकदीपेक्षा जास्त जोर लावताय. सरावाला सुरुवातीला पावलं जुळवून नऊ नंबरच्या आयर्नने हळू मारा, मग नेहमीच्या पवित्र्यात, पण प्रत्येक फटक्यानंतर उजवं पाऊल पुढे टाकून. कुणी हसलं तर हसू द्या.

स्विंग सुधारूनही कंबर धरतेच असे काही जण असतात, आणि त्यांचं कारण घड्याळात सापडतं. कमरेच्या चकत्या रात्रभर आडवं पडल्याने पाणी शोषतात; सकाळी त्या भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या टरारलेल्या असतात. उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात हे पाणी बरंचसं ओसरतं, आणि तोवर पुढे वाकण्याचा ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा चकतीला कितीतरी जास्त पडतो. आता तुमचा शनिवार बघा. पाचला उठायचं, घाईत वाकून बूट बांधायचे, गाडीत पोक काढून बसायचं, डिकीतून बारा-चौदा किलोची बॅग वाकून-वळून उचलायची, पार्किंगमध्ये पायाचे अंगठे पकडून दोन वेळा ‘स्ट्रेचिंग’ करायचं आणि पहिल्याच टीवर ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब. चकतीला त्रास द्यायचाच ठरवलं असतं तरी याहून चांगला क्रम सुचला नसता. ऊन चढायच्या आत खेळायचं म्हणून आपल्याकडे सगळेच पहाटे निघतात, ते बदलणार नाही. मग निदान एक तास आधी उठा. त्या तासात वाकू नका, घरात फिरा, चहा उभ्यानेच घ्या. बूट उंच जागेवर बसून, पाय गुडघ्यावर घेऊन बांधा. पहाटे सूर्यनमस्कार घालत असाल तर खेळाच्या दिवशी ते संध्याकाळी घाला. बॅग आधी डिकीच्या काठापर्यंत ओढा, अंगाशी घ्या, मग पावलांनी वळा. अंगठे पकडण्याऐवजी दहा मिनिटं झपझप चाला, एका हाताने आधार धरून पाय पुढेमागे आणि आडवे झुलवा, क्लब खांद्यांवर आडवा धरून सावकाश वळा, मग वेजने (छोट्या फटक्यांच्या क्लबने) अर्धे फटके. जमल्यास पहिले दोन-तीन होल ड्रायव्हर बाहेर काढू नका.

रेंजबद्दलही तेच. १८ होलच्या राउंडमध्ये पट (होलजवळच्या ग्रीनवरचे हलके फटके) आणि छोटे फटके वगळले तर पूर्ण स्विंग चाळीस-पन्नासच होतात, तेही चार तासांत, मध्ये चालत. रेंजवर शंभर चेंडूंची बादली लोक पाऊण तासात संपवतात, एकाच दिशेने, कडक मॅटवर. वीस चेंडू मारा, थांबा, डावखुऱ्यासारखे दहा रिकामे स्विंग घ्या, मग पुढचे वीस. आणि बादली संपवलीच पाहिजे असा नियम नाही, पैसे दिलेले असले तरी.

कोर्सवर चेंडू उचलताना क्लबवर एक हात टेकवा, एका पायावर वाका आणि दुसरा पाय मागे तरंगू द्या. पटिंगच्या सरावात तासभर वाकून उभं राहणं अनेकांना ड्रायव्हरपेक्षा महागात पडतं. लांब दांड्याचा पटर वापरून बघा. तो छातीला किंवा पोटाला टेकवून मारायला २०१६पासून बंदी आहे, पण शरीरापासून सुटा धरून वापरायला नाही. पावसाळ्यात रफमधलं ओलं, उंच गवत क्लबला धरून ठेवतं आणि झटका सरळ कमरेत येतो. तिथून फेअरवेवर (कापलेल्या गवतावर) छोटा फटका मारून बाहेर या. झाडाच्या मुळाशी चेंडू असेल तर एक फटका दंड घेऊन ड्रॉप घ्या, म्हणजे चेंडू बाजूला टाकून तिथून खेळा. शनिवारच्या मॅचवर लावलेल्या नाश्त्यापेक्षा कंबर महाग आहे.

व्यायामाचं फार ताणत नाही. रोज पंधरा मिनिटं पुरतात: कुशीवरचा प्लँक दोन्ही बाजूंनी, हात-गुडघ्यांवर राहून विरुद्ध हात-पाय लांब करणं, पाठीवर झोपून नितंब उचलणं, आणि कुशीवर झोपून वरचा हात पुस्तकाच्या पानासारखा उघडत छाती वळवणं. खुब्यांसाठी जमिनीवर बसा, गुडघे वाकवून पावलं लांब ठेवा आणि दोन्ही गुडघे एकदा एकीकडे, एकदा दुसरीकडे टेकवा. उठाबशा चालतील, पण पोटासाठीचे सिट-अप आणि वजन हातात घेऊन बसल्या बसल्या दोन्हीकडे वळायचे जिममधले प्रकार तूर्त बंद. पट्टा बांधून खेळायला माझी ना नाही, पण थोडेच दिवस. खेळण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन निघायची सवय मात्र मोडा. ती दुखणं झाकते आणि तुम्हाला थांबायचं कळत नाही.

आता क्रम. पहिले दोन आठवडे फक्त पटिंग आणि ग्रीनजवळचे छोटे फटके, सोबत वरचे व्यायाम. मग वेज आणि नऊ नंबर, एका वेळी तीस-चाळीस चेंडू, एक दिवसाआड. मग मधले आयर्न आणि नऊ होल. ड्रायव्हर सर्वांत शेवटी, साधारण सहाव्या आठवड्यानंतर, आणि १८ होल त्याच्याही नंतर. पुढच्या पायरीवर जायचं की नाही हे खेळताना काय वाटलं यावर ठरवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालताना काय होतं त्यावर ठरवा. नेहमीसारखे घालता आले तर पुढे जा. आखडलं पण तासाभरात सुटलं तर त्याच पायरीवर आणखी आठवडाभर. दिवसभर राहिलं तर एक पायरी खाली. मध्येच उसण भरली तर अंथरूण धरून पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला आणि कळ ओसरल्यावर पुन्हा पटिंगपासून सुरू करा.

प्रशिक्षकाकडे जाल तेव्हा पहिल्याच दिवशी कंबरेचं सांगा आणि हेही सांगा की तुम्हाला अंतर नकोय. ‘खालचा भाग घट्ट धरा’ असं ते म्हणाले, तर डाव्या टाचेबद्दल विचारा. उचलायला ठाम नकार आला तर दुसरा प्रशिक्षक शोधा. सहा-आठ आठवडे हे सगळं नीट करूनही उजवी कळ तशीच राहिली, तर मात्र फिजिओला समोर बसून खुबे आणि पाठ तपासू द्या, आणि स्विंगचं मागून आणि समोरून केलेलं चित्रण सोबत न्या.